गाण्यातला सहकार

सहकार म्हटला की सातारा-सांगलीकडील माणसाच्या डोळ्यांपुढे साखर कारखाना, दूधसंघ किंवा गावची सोसायटी उभी राहते; गाणे कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः ध्वनिमुद्रित गाणे हेही सहकाराचेच फळ आहे. कवी, संगीतकार, गायक, वादक आणि ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ यांपैकी एकाने शब्द पाळला नाही, तर उरलेल्यांचे कष्ट फुकट जातात.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच मातीतील कवीचे आहे. ग. दि. माडगूळकर हे आटपाडी तालुक्यातील शेटफळ्याचे. त्यांचे 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस सुरू झाले आणि १९५६ च्या रामनवमीस संपले. आठवड्यास एक याप्रमाणे ५६ गीते झाली. माडगूळकरांनी लिहावे, सुधीर फडके यांनी चाल बांधावी, गायक-वादकांनी ती बसवावी, आणि ठरलेल्या दिवशी गीत श्रोत्यांच्या कानी पडावे! कार्यक्रमाची वेळ कोणासाठी थांबत नसते. सांगतात की, पहिल्याच गीताचा कागद ऐनवेळी हरवला आणि माडगूळकरांनी ते पुन्हा लिहून दिले. या गोष्टीत कवीची प्रतिभा सर्वांना दिसते. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कागद हरवल्याचे बोलले गेले, म्हणूनच तो पुन्हा लिहिता आला. हरवलेली वस्तू भरून काढता येते. दडवून ठेवलेली अडचण भरून काढता येत नाही.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. सारे कलावंत एकाच वेळी गात-वाजवीत. एकजण चुकला की सर्वांना पुन्हा आरंभ करावा लागे. आता तसे नाही. तबलजी साताऱ्यात वाजवतो, गायिका सांगलीत गाते आणि तिसराच कोणी दोन्ही जुळवतो. एकत्र बसणे संपले, तेव्हा परस्परांवर विसंबणेही संपले, असे पुष्कळांना वाटते. आमचा अनुभव उलट आहे. समोरासमोर बसले असता डोळ्यांच्या खुणेने जे कळे, ते आता शब्दांत सांगावे लागते. पट्टी काळी एक की काळी दोन, लय किती, कडवी किती, एवढे जरी आधी कळवले नाही, तरी अख्खा दिवस वाया जातो.

हा वाया गेलेला दिवस कोणाचा, हा प्रश्न आम्हां संघटनेच्या माणसांना पडतो. तालीम रद्द झाली आणि निरोप गेला नाही, तर नामांकित गायकाचे फारसे बिघडत नाही. परंतु मिरजेहून एसटीने आलेल्या ढोलकीवाल्याने त्या दिवशीचे दुसरे काम सोडलेले असते. त्याची बिदागी बुडते, भाडे अंगावर पडते, आणि पुढे बोलावणे येणार नाही या भीतीने तो तोंड उघडत नाही. निरोप न देणे हा आपण विसरभोळेपणा मानतो. फळ पाहिले तर ती दुसऱ्याची मजुरी बुडवणेच आहे.

म्हणून आमच्या कलापथकांना आम्ही सांगत असतो की, भरवसा हा स्वभावाचा गुण मानून स्वस्थ बसू नका, त्याची व्यवस्था लावा. कोणी काय करायचे, कोणत्या दिवसापर्यंत, बिदागी किती, नाव कोणाचे लागणार आणि शेवटचा निर्णय कोणाचा, हे एका कागदावर लिहा व प्रत्येकास त्याची प्रत द्या. काम रद्द झाले तर काय द्यायचे, तेही त्यातच लिहा. जमणार नसेल तर आदल्या आठवड्यात 'नाही' म्हणा. असा नकार अपमान नव्हे, ती सोबत्याची काळजी आहे. आणि ज्याने वेळेवर अडचण सांगितली त्याच्यावर रागावू नका. एकदा रागावलात, की पुढच्या खेपेस तो गप्प राहील, आणि तुम्हांला अडचण कळेल ती थेट ध्वनिमुद्रणाच्या दिवशी.