स्पीकरवरचा रंग आणि सूर्यावरचे फवारे

चांगल्या सौरदुर्बिणीतून सूर्याची कड पाहिली तर ती चक्क केसाळ दिसते. 1877 साली रोममध्ये फादर अँजेलो सेक्की यांनी हे केस नोंदवून ठेवले. एकेक केस म्हणजे प्लाझ्माचा, विद्युतभारित तप्त वायूचा फवारा. जाडी काहीशे किलोमीटर, उंची 10,000 किलोमीटरच्या घरात, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाहून थोडीच कमी. आयुष्य मात्र पाच-दहा मिनिटांचं! शास्त्रज्ञ त्यांना स्पिक्यूल म्हणतात आणि कोणत्याही क्षणी सूर्यावर असे लाखो फवारे उसळत असतात.

ते संगणकात उठवणं मात्र महाकठीण. वायूचे, गुरुत्वाचे, चुंबकक्षेत्राचे नियम माहीत असूनही खऱ्यासारखे फवारे काही केल्या उठेनात. 2017 साली हुआन मार्टिनेझ-सिकोरा आणि सहकाऱ्यांनी एक बारकावा हिशेबात धरला: फवारे जिथून उठतात त्या थरातले सगळेच अणू विद्युतभारित नसतात. या उदासीन अणूंमुळे चुंबकक्षेत्राची प्लाझ्मावरची पकड सैल होते. ताणलेल्या चुंबकरेषा वर निसटतात आणि गलोल सुटावी तसा प्लाझ्मा भिरकावला जातो. असं एक सिम्युलेशन पुरं व्हायला सुमारे वर्ष लागे, तेही नासाच्या महासंगणकावर.

2022 साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲस्ट्रोफिजिक्समधल्या साहेल डे, पियाली चटर्जी आणि सहकाऱ्यांनी तर कमालच केली. त्यांनी सूर्याशेजारी ठेवला एक स्पीकर! आडव्या स्पीकरवर रंग ओतून खर्जातला आवाज लावला की रंग उड्या मारतो. पाणी असेल तर त्याचे थेंब होऊन विखुरतात. रंगात पॉलिमरच्या लांब साखळ्या असल्याने त्याच्या उंच, सडपातळ धारा उठतात. सूर्यावर स्पीकरचं काम पृष्ठभागाखालचा खदखदणारा प्लाझ्मा करतो. त्याचे जवळजवळ नियमित धक्के वरच्या कितीतरी विरळ थराला बसतात आणि धारा सांधून धरायला पॉलिमरच्या जागी चुंबकक्षेत्र असतं. हे सगळं जमून आल्यावर त्यांच्या सिम्युलेशनमध्ये एखाद-दुसरा नव्हे, फवाऱ्यांचं अख्खं रान माजलं.

सौरवाऱ्यातून जेवढं द्रव्य बाहेर पडतं त्याच्या सुमारे शंभरपट हे फवारे वर नेतात. त्यातलं बहुतेक पुन्हा खाली कोसळतं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण 5,500 अंश सेल्सिअस, पण त्याच्या वरचं प्रभामंडल 10 लाख अंशांहून तप्त. ते तापवण्यात या फवाऱ्यांचा वाटा किती, यावर अजून हिरिरीने वाद चालू आहे.