मॉनिटरने फळ्यावर कोणाचं नाव लिहिलं होतं?

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि कल्याण नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये हॉर्नपुढे काही ऐकू येत नाही म्हणून हे वाचणाऱ्यांनाही नमस्कार. हा आपल्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना जिथे अडखळले ते थोडं सरळ केलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न तुमच्याकडूनच आलाय. आठवी, नववी, दहावीतली मुलं वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारतात: "ताई, मला स्टेजवर बोलायची भीती वाटते. मग मी लीडर होऊ शकते का?"

छोटं उत्तर: हो. मोठं उत्तर द्यायचं तर आधी मला माझी आठवीतली एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगताना अजूनही थोडं जड जातं.

बोलणाऱ्यांची नावं

मी वर्गाची मॉनिटर होते. मॉनिटरचं काम काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. तास ऑफ असला की सर सांगून जायचे, "जो बोलेल त्याचं नाव फळ्यावर लिही." मी इमानदारीने लिहायचे. पुन्हा बोलला तर नावापुढे एक फुली, आणखी बोलला तर दुसरी.

शिवाय मी भाषणवाली मुलगी. १ ऑगस्टला टिळकांवर भाषण कोणाचं? माझं. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो" इथपासून "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते" इथपर्यंत सगळं पाठ. हात कुठे वर करायचा तेसुद्धा पाठ. बक्षीस ठरलेलं. म्हणजे कागदावर बघाल तर लीडरशिप आणि कम्युनिकेशन, दोन्हीत पैकीच्या पैकी!

माझ्याच बाकावर एक मुलगी बसायची. पद्मानगरची, घरी तेलुगू बोलणारी. वडील लूमवर कामाला. वर्गात ती जवळजवळ बोलायचीच नाही. पण ऑफ तासाला मागे वळून मैत्रिणीच्या कानात काहीतरी कुजबुजायची. मी नाव लिहायचे. नावापुढे फुल्या.

एकदा सकाळी प्रार्थनेला ती चक्कर येऊन पडली. नंतर कळलं की ती दिवसभर पाणीच प्यायची नाही. मुलींच्या बाथरूमची कडी तुटली होती. जायचं तर बाहेर दार धरून उभं राहायला कोणीतरी लागायचं. ती जे कुजबुजायची ते एवढंच होतं: "माझ्याबरोबर येतेस का?"

वर्गात सगळ्यात महत्त्वाचं जे बोललं जात होतं, त्याचीच फुली मी फळ्यावर मारत होते. आणि मला टिळकांचं भाषण पाठ होतं.

म्हणून आजचा मुद्दा आत्ताच सांगून टाकते. आपल्याकडे लीडर म्हणजे इतरांना गप्प करणारा आणि कम्युनिकेशन म्हणजे एकट्याने बोलणं, असं शाळेतच डोक्यात बसतं. खरं काम नेमकं उलटं आहे. लीडर तो, ज्याच्यामुळे गप्प बसलेलं माणूस बोलायला लागतं.

हे आपल्या भिवंडीनेच करून दाखवलंय

तुम्ही म्हणाल, ताई, हे पुस्तकी झालं. नाही. याचं मोठं उदाहरण आपल्याच शहरात आहे, आणि आपल्यालाच ते नीट माहीत नाही.

भिवंडीत १९७० मध्ये मोठी दंगल झाली. १९८४ मध्ये पुन्हा झाली. कितीतरी माणसं गेली. बाहेरच्या लोकांच्या तोंडी भिवंडी म्हणजे दंगलीचं गाव, असंच झालं होतं. १९८८ मध्ये इथे सुरेश खोपडे नावाचे पोलीस अधिकारी उपायुक्त म्हणून आले. त्यांनी वस्त्यावस्त्यांत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, सुमारे सत्तर. प्रत्येक कमिटीत हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने. नुसते पुढारी नाहीत, तर वस्तीतली साधी माणसं आणि त्या भागाचे पोलीस. ठरावीक दिवसांनी एकत्र बसायचं आणि बोलायचं.

आमच्या चाळीतले एक काका अशा बैठकांना जायचे. मी कॉलेजात असताना त्यांना विचारलं, "काका, तिथे दंगलीवर काय बोलायचात?" ते हसले. म्हणाले, "दंगलीवर कोण बोलतंय? गटार तुंबलंय, दिवा बंद आहे, कोणाचा स्पीकर रात्री मोठा वाजतो, हेच. पण त्यामुळे कोण कुठे राहतो, कोणाचा स्वभाव कसा, हे कळलं. मग अफवा आली की आम्ही दगड उचलायच्या आधी एकमेकांच्या दारात जायचो."

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत शेकडो माणसं मारली गेली. तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबई जळाली आणि भिवंडी का नाही, या प्रश्नावर खोपड्यांनी पुढे पुस्तक लिहिलं. दंगलींनंतर मुंबईतही मोहल्ला कमिट्यांची चळवळ सुरू झाली.

हां, गोष्ट इथे गोड करून संपवायची नाही. जुलै २००६ मध्ये भिवंडीत पुन्हा हिंसा झाली, त्यात पोलिसांचेही जीव गेले. यातून मी माझ्यापुरतं एक शिकले. एकमेकांशी बोलणं ही लस नाही की एकदा टोचली आणि झालं. ती दात घासण्यासारखी सवय आहे. आणि सवय लावायची तर शाळेच्या वयातच लावलेली बरी.

आता बघा, या कमिट्यांमध्ये काय नव्हतं? स्टेज नव्हतं, हार नव्हते, पाठ केलेली भाषणं नव्हती. गोल बसलेली माणसं होती आणि समोर एक खरी अडचण होती. हायस्कूलच्या मुलांनाही एवढंच लागतं.

रविवारचा आमचा गट

गेली काही वर्षं मी रविवारी सकाळी कामतघरला, वऱ्हाळादेवी तलावाजवळ, दहाबारा मुलांबरोबर बसते. वेगवेगळ्या शाळांची, वेगवेगळ्या माध्यमांची मुलं. कोणाचे वडील लूमवर, कोणाचे गोडाऊनमध्ये, कोणाची आई शिवणकाम करते. घरी कोणी मराठी बोलतं, कोणी उर्दू, कोणी तेलुगू, कोणी भोजपुरी. नियम एकच: ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोला, बाकीचे समजून घेतील. अडलं तर शेजारचा सांगेल. भाषांतर करून सांगणारं पोर आपोआपच नीट ऐकायला शिकतं.

तर तिथे आम्ही चार गोष्टी करतो. तुम्हीही करू शकता, पैसे लागत नाहीत.

पहिली, कामं फिरती ठेवायची. दर बैठकीला एक जण बैठक चालवतो, एक जण वेळ बघतो, एक जण वहीत लिहितो. पुढच्या रविवारी माणसं बदलतात. ही आयडिया माझी नाही. १९२४ मध्ये अमेरिकेत राल्फ स्मेडली यांनी टोस्टमास्टर्स नावाचा क्लब सुरू केला, तिथे आजही कामं अशीच वाटून घेतात. गंमत म्हणजे त्याच १९२४ मध्ये साने गुरुजी अंमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले. पुढे तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांनी हाताने लिहिलेलं दैनिक चालवलं. रोज! म्हणजे बोलायची भीती वाटत असेल तर लिहिण्यापासून सुरुवात करा. वही सांभाळणारा पण लीडरच असतो, कारण काय ठरलं होतं हे त्यालाच ठाऊक असतं.

दुसरी, तीन सेकंद. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या. १९७० च्या दशकात त्यांनी वर्गातल्या तासांचे टेप ऐकले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात आणि पुढे जातात, असं त्यांना दिसलं. तेच शिक्षक तीन सेकंद थांबायला लागले, तर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलायला लागली. फक्त तीन सेकंद! मनात मोजून बघा: एक... दोन... तीन. केवढा वेळ वाटतो ना? ऑडिओत इथे मी खरंच थांबलेय. बैठक चालवणाऱ्याने प्रश्न विचारून एवढं थांबायचं, आणि तेवढ्यात भाषणवाल्याने मध्ये तोंड घालायचं नाही. मला स्वतःला हे अजून कठीण जातं.

तिसरी, आधी त्याचं सांग, मग तुझं. मला तुझं पटलं नाही, तर तू काय म्हणालास ते मी आधी माझ्या शब्दांत सांगायचं. तू "हो, असंच म्हणालो" म्हटल्यावरच मी माझा मुद्दा मांडायचा. निम्मी भांडणं इथेच संपतात, कारण समोरचा ते म्हणालेलाच नसतो.

चौथी, मागणी एका वाक्यात. काय हवं, कोणाकडून, कधीपर्यंत. "शाळेत सुधारणा झाली पाहिजे" ही मागणी नाही, घोषणा आहे. "दाराला शनिवारपर्यंत कडी बसवून द्या" ही मागणी आहे.

पुन्हा तीच कडी

कडी म्हटलं, कारण मागच्या वर्षी तोच विषय परत आला. शाळा दुसरी, मुली दुसऱ्या, तुटलेली कडी तीच. गटातल्या नववीच्या मुलींनी सांगितलं तेव्हा मला एकदम आपला तो फळा आठवला.

मुलींनी मुख्याध्यापिकांना भेटायचं ठरवलं. पहिल्यांदा साहजिकच सगळ्यात छान बोलणाऱ्या मुलीला पुढे केलं. तिने स्वच्छता, स्त्रीशक्ती, सावित्रीबाई असं सगळं सुंदर सांगितलं. बाईंनी कौतुक केलं, "छान बोलतेस गं," म्हणाल्या, आणि त्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेला तिचं नाव लिहून घेतलं. कडी राहिली बाजूला.

मुली रविवारी तोंड पाडून आल्या. मी उपाय सांगणार होते, पण तीन सेकंद थांबले. तेवढ्यात गटातली सगळ्यात गप्प मुलगी म्हणाली, "आपण मोजलंच नाही." मग त्यांनी वर्गातल्या मुलींना एकेकटीला गाठून विचारलं: तू शाळेत पाणी पितेस का? नाही तर का नाही? निम्म्याहून जास्त मुलींचं उत्तर नाही असं आलं. पाळीच्या दिवसांत काही जणी घरीच राहत होत्या. नावं न लिहिता हे सगळं वहीत उतरवलं.

दुसऱ्या भेटीला ती गप्प मुलगी बोलली. आवाज थरथरत होता असं बाकीच्यांनी सांगितलं. तिने वही पुढे ठेवली आणि म्हणाली, "बाई, या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. शनिवारपर्यंत कडी बसवून द्याल का?" बाई बराच वेळ वही बघत बसल्या. शुक्रवारी कडी बसली.

साफसफाईचा प्रश्न अजून सुटलेला नाही, त्यावर बैठका चालूच आहेत. आणि छान बोलणाऱ्या मुलीवर अन्याय नको. दुसऱ्या भेटीआधी वर्गात फिरून लाजणाऱ्या मुलींना बोलतं करायचं काम तिनेच केलं. आवाज तोच, वापर बदलला.

मोठ्यांसाठी दोन शब्द

शिक्षक किंवा पालक ऐकत असतील तर एवढंच. मुलांना त्यांच्याशी संबंधित गोष्टींत मत मांडायचा आणि ते विचारात घेतलं जाण्याचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं ते बारावं कलम आहे. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली, म्हणजे मुंबई जळत होती आणि भिवंडीत माणसं एकमेकांच्या दारात जात होती, त्याच महिन्यात. मॉनिटर ठेवा, हरकत नाही. फक्त त्याला एक काम जास्तीचं द्या: या आठवड्यात कोण बोललंच नाही, त्याची नावं त्याने स्वतःच्या वहीत लिहावीत, आणि मधल्या सुट्टीत त्यांच्याजवळ जाऊन बसावं.

या आठवड्याचं काम

तुमच्यासाठी काम सोपं आहे. फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि तुमच्या शाळेतली एक अडचण एका मिनिटात सांगा. ऐका. मग ती वर्गातल्या सगळ्यात गप्प मुलाला किंवा मुलीला सांगा, "तुला काय वाटतं?" विचारा, आणि तीन सेकंद थांबा. त्यानंतर पुन्हा एक मिनिट रेकॉर्ड करा. दोन्ही मिनिटं लागोपाठ ऐका. काय बदललं ते तुम्हालाच कळेल.

माझ्या बाकावरच्या त्या मुलीशी माझा आज संपर्क नाही. दहावीनंतर ती कुठे गेली माहीत नाही. असता तर सॉरी म्हणाले असते. ते जमत नाही म्हणून रविवारी तलावाजवळ बसते.

चला, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोपर्यंत कमी बोला, जास्त विचारा!