अडकलेली झडप आणि मोडलेली रॉकर-भुजा

जुन्या मोटारीच्या एंजिनात रॉकर-भुजा मोडली, म्हणजे नवी भुजा बसवून काम संपले असे समजण्याची प्रवृत्ती असते. वस्तुतः भुजेचे मोडणे हे बहुधा कार्य असते, कारण नव्हे. कारण शेजारच्या झडपेत दडलेले असते. ते तसेच राहू दिले, तर नवी भुजाही त्याच वाटेने जाते. या कार्यकारणाचे विवेचन करण्यासाठी मॉरिस मायनर या ब्रिटिश मोटारीचे उदाहरण सोयीचे आहे. १९४८ साली निघालेल्या या मोटारीत प्रारंभी बाजूच्या झडपांचे एंजिन होते. १९५२ पासून तिला ऑस्टिनचे ८०३ घन सेंमी. क्षमतेचे, शिरोभागी झडपा असलेले ‘ए’ मालिकेतील एंजिन मिळाले.

या एंजिनात कॅमशाफ्ट खाली, सिलिंडरांच्या बाजूस असतो. कॅमचा उंचवटा टॅपेटला व टॅपेट पुशरॉडला वर ढकलतो. पुशरॉड रॉकर-भुजेचे एक टोक उचलतो आणि दुसरे टोक स्प्रिंगच्या विरोधात झडप खाली दाबते. रॉकर-भुजा ही साधी तरफ आहे आणि मधला आस हा तिचा टेकू. दोन्ही टोकांवरील बलांची बेरीज या टेकूवर पडते. भुजेला वाकविणारा परिणामही मध्यभागीच सर्वाधिक असतो. आसासाठी आणि तेलासाठी पाडलेल्या छिद्रांमुळे तेथील धातूही कमी झालेला असतो. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे करीत असता प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते. भुजा मध्याजवळ का मोडते, हे यावरून ध्यानात येईल.

मोटार महिनोन् महिने उभी राहिली, की शिळ्या पेट्रोलातील चिकट अवशेष, काजळी आणि दमट हवेने चढलेला गंज यांमुळे झडपेचा दांडा आपल्या मार्गदर्शक नळीत जखडतो. झडप मिटलेल्या स्थितीत जखडली असेल, तर कॅम फिरू लागताच पुशरॉड वर येतो, पण भुजेचे दुसरे टोक खाली जात नाही. स्प्रिंगचा विरोध मर्यादित असतो. जखडलेल्या दांड्याचा तसा नसतो. कॅम तर थांबत नाही. अशा वेळी साखळीतील सर्वांत दुबळा दुवा हार खातो: पुशरॉड वाकतो किंवा भुजा मोडते. झडप उघडी राहून जखडली, तर भुजा सैल पडते. पुशरॉड आपल्या खोबणीतून निसटून तिरका अडकतो आणि पुढच्याच फेऱ्यात तोच परिणाम घडवितो. शिवाय वर येणारा दट्ट्या उघड्या झडपेवर आदळण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

कोणत्या झडपेची भुजा मोडली, हे लक्षणांवरूनही ताडता येते. अंतर्ग्रहण-झडप उघडेनाशी झाली, तर तो सिलिंडर केवळ निकामी होतो. निष्कास-झडप उघडेनाशी झाली, तर जळालेला वायू आत कोंडतो आणि अंतर्ग्रहण-झडप उघडताच कार्बुरेटरकडे उसळतो. या एंजिनात पहिल्या-दुसऱ्या आणि तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरांचे अंतर्ग्रहण-मार्ग सामाईक आहेत. म्हणून एका सिलिंडरातील बिघाडाने शेजारचा सिलिंडरही बिघडल्यासारखा भासतो.

दुरुस्तीचा क्रम यातूनच निश्चित होतो. प्रथम स्पार्क प्लग काढून एंजिन हाताने फिरवावे. स्टार्टर वापरू नये. जखडलेल्या झडपेच्या दांड्यावर पातळ भेदक तेल सोडून ते रात्रभर मुरू द्यावे. झडप मिटलेली असल्यास दट्ट्या खाली आणून दांड्याच्या टोकावर पितळी दांडीने हलके ठोके द्यावेत. दबलेली झडप स्प्रिंगच्या बळाने आपण होऊन वर आली पाहिजे. तशी ती न आल्यास, किंवा झडप उघडी राहून जखडली असल्यास, सिलिंडर-शीर्ष उतरविणे इष्ट. तेलाने सुटलेली झडपही निर्दोष मानू नये, कारण नळीतील मळ तेथेच असतो. दांडा व नळी साफ करावी, दांडा सपाट पृष्ठावर लोळवून सरळ आहे की नाही हे पाहावे आणि झडपेचे आसन घासून घ्यावे. पुशरॉडांचीही तशीच परीक्षा करावी.

भुजा बदलताना एक गोष्ट विसरून चालत नाही. रॉकर-आसाचे आधार धरणाऱ्या आठ नटांपैकी चार नट सिलिंडर-शीर्षालाही धरून ठेवतात. तेवढेच सोडले, तर शीर्षावरील दाब विषम होऊन ते वाकण्याचा आणि गॅस्केटमधून पाणी झिरपण्याचा संभव असतो. म्हणून आधी पाणी काढून शीर्षाचे सर्व नट क्रमाने, थोडे थोडे सैल करावे आणि त्याच रीतीने पुन्हा आवळावे. पोकळ आसातील तेलाचा मार्ग मोकळा आहे याची खात्री करून घ्यावी. कोरडा आस नव्या भुजेलाही जाळतो.

अखेरीस थंड एंजिनात झडपेचे अंतर ०.०१२ इंच, म्हणजे सुमारे ०.३० मिमी., ठेवावे. त्यासाठी नवाचा नियम उपयोगी पडतो: आठवी झडप पूर्ण उघडी असता पहिली जुळवावी, सातवी असता दुसरी, दोन्ही क्रमांकांची बेरीज नऊ. पहिली व आठवी या अनुक्रमे पहिल्या व चौथ्या सिलिंडरांच्या निष्कास-झडपा होत. त्यांचे कॅम परस्परांपासून अर्ध्या फेऱ्यावर असल्याने एक झडप पूर्ण उघडी असता दुसरीचा टॅपेट कॅमच्या सखल भागावर विसावलेला असतो. इतर जोड्यांनाही हाच न्याय लागू आहे.

मोडलेला भाग चटकन नजरेत भरतो आणि अडकलेला भाग शोधावा लागतो. दुरुस्ती टिकणार की नाही, हे त्या शोधावर अवलंबून असते.