डाउनलोड केलेली फाइल असली आहे का?

२० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या वेबसाइटमध्ये हॅकर घुसले. १७.३ सिनॅमन आवृत्तीच्या डाउनलोडची लिंक बदलून त्यांनी आत चोरदरवाजा ठेवलेली फाइल लोकांना दिली. वरवर पाहून फरक कळणं अवघड होतं.

अशा वेळी हॅश कामाला येतो. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच समजा. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो, आणि फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी सगळा ठसा पालटतो. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट-क्लिक करून तो काढता येतो. मग बनवणाऱ्याने जाहीर केलेल्या ठशाशी ताडून पाहायचा. वर्गात आम्ही मुलांना नुसती पहिली चार अक्षरं बघू देत नाही. पूर्ण ओळ जुळवायला लावतो.

पण इथे एक मेख आहे. वेबसाइटच हॅकरच्या ताब्यात गेली, तर शेजारी लिहिलेला ठसाही तो बदलू शकतो. म्हणून ठसा दुसऱ्या भरवशाच्या ठिकाणाहून घ्यावा, किंवा हॅश फाइलवरची डिजिटल सही तपासावी. आपल्या घरी एकाच लॅपटॉपवर स्कॉलरशिपचा फॉर्मही भरला जातो आणि बँकेचं कामही होतं. ठसा जुळला नाही, तर फाइल उघडायचीच नाही, सरळ डिलीट करायची.