चार भूतांचा साधक

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ. मेजाभोवती बसावे, फासे टाकावेत आणि सर्वांनी मिळून एक अद्भुत कथा रचावी, असे त्याचे स्वरूप. शस्त्रापेक्षा देहाच्या तालमीवर विसंबणारा ‘मंक’ हा साधक १९७५ च्या पुरवणीत प्रथम अवतरला.

२०१४ च्या नियमपुस्तकात, तिसरी पातळी गाठलेल्या या साधकापुढे ‘चार तत्त्वांचा मार्ग’ ठेवलेला आहे. पृथ्वी, आप, तेज आणि वायू त्याच्या हुकमतीत येतात. आपल्या पंचमहाभूतांतील आकाश तेवढे येथे नाही. कल्पना मोठी मोहक. परंतु खेळात प्रत्येक कल्पनेचे मोल मोजावे लागते. साधकाची प्राणशक्ती ‘की’ नावाच्या गुणांत मोजतात. तिसऱ्या पातळीवर हे गुण अवघे तीन. पाण्याचा चाबूक एकदा ओढताच त्यांतील दोन खर्ची पडतात! दुसऱ्यांदा तो ओढायचा, तर आधी विश्रांती हवी. साहजिकच अनेक खेळाडूंना हा मार्ग दुबळा वाटला.

२०२४ च्या पुस्तकाने हिशेबच बदलला. आता एका गुणाच्या मोबदल्यात तत्त्वशक्ती दहा मिनिटे अंगी राहते. ठोसा नेहमीपेक्षा दहा फूट दूर पोहोचतो, शत्रूला ढकलतो वा ओढून आणतो. पूर्वी निसर्ग घावागणिक विकत घ्यावा लागे. आता तो साधकाचा स्वभाव झाला आहे. पात्राचे वर्णन कितीही भारदस्त असो, कृतीची मुभा मिळाल्यावाचून ते उभे राहत नाही. नाटकाच्या अभ्यासकाला हे वेगळे सांगायला नको!