चेहऱ्यावरील पांढरे दाणे : घाई नको, काळजी हवी

नवजात बालकाच्या नाकावर वा गालांवर मोहरीहून लहान, मोत्यासारखे पांढरे दाणे दिसले की घरातील वडीलधारी मंडळी चिंतित होतात. वैद्यकशास्त्रात यांना ‘मिलिया’ म्हणतात. लॅटिन भाषेतील ‘मिलियम’, म्हणजे भरडधान्य, या शब्दावरून हे नाव आले. कोदो-कुटकीच्या छत्तीसगडमध्ये राहणाऱ्या वाचकांना ही उपमा सहज पटावी.

त्वचेवरील मृत पेशी नित्य गळून पडत असतात. त्यांतील केराटिन हे प्रथिन पृष्ठभागाखाली अडकले की एक ते दोन मिलिमीटरची गाठ तयार होते. मुरुमाप्रमाणे तिच्यात पू वा दाह नसतो आणि तिला बाहेर उघडणारे तोंडही नसते. म्हणूनच ती दाबून निघत नाही. दाबल्याने व्रण मात्र राहू शकतो.

जवळजवळ निम्म्या नवजात बालकांत हे दाणे आढळतात व काही आठवड्यांत आपोआप नाहीसे होतात. तेव्हा कणकेच्या गोळ्याने वा डाळीच्या पिठाने बाळाचा चेहरा चोळण्याचा मोह आवरावा. कोमट पाणी आणि मऊ कापड पुरेसे आहे.

प्रौढांमध्ये मात्र हे दाणे डोळ्यांभोवती महिनोन्महिने टिकतात. भाजणे, फोड येणे, उन्हाने त्वचेची दीर्घकाळ होणारी हानी आणि स्टिरॉइडयुक्त मलमांचा सततचा वापर यांमुळेही ते उद्भवतात. खरा धोका येथेच आहे. चेहरा उजळावा म्हणून शेजारच्यांच्या सल्ल्याने अशी मलमे लावणाऱ्यांची त्वचा पातळ व लालसर होते. २०१८ साली केंद्र शासनाने अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीस प्रतिबंध केला, तो याच कारणास्तव.

उपाय सौम्यच असावेत. सौम्य साबण वापरावा, तेलकट व जाड मलमे टाळावीत, रायपूरच्या वैशाखातील उन्हात शंकर नगरहून बाजारापर्यंत जातानाही चेहरा झाकावा. दाणे खुपत असतील तर त्वचारोगतज्ज्ञ निर्जंतुक सुईने ते काही मिनिटांत काढतात. रेटिनॉइड वर्गातील मलमे त्यांच्याच सल्ल्याने लावावीत. गर्भवती भगिनींनी ती टाळावीत.

दाणा वाढू लागला, लाल झाला वा त्यातून रक्त आले, तर विलंब न करता तपासणी करून घ्यावी. अन्यथा हे दाणे निरुपद्रवी आहेत, एवढे ध्यानी ठेवून आरशासमोरील नखांना विश्रांती द्यावी, हेच श्रेयस्कर!