हजेरीवही

पहाटे ४.४५
गजराच्या आधी जाग येते. यात माझं कौतुक काही नाही, इतक्या वर्षांत शरीरच पडून राहू देत नाही. जिना चढून वर गेलं की आमची स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका: ४२ खुर्च्या, सहा पंखे, दोन कूलर आणि दाराशी टेबलावर हजेरीवही. रेशीमबाग मैदान इथून दहा मिनिटांवर. पोलीस भरतीची पोरंपोरी या वेळी तिथे धावत असतात, मुलं सोळाशे मीटर आणि मुली आठशे.

५.१५
कुलूप काढतो. सतरा नंबरवाला पायरीवर बसलेलाच असतो. एकोणतीस वर्षांचा आहे, चार प्रयत्न झालेत. सही करतो, वेळ लिहितो आणि जागेवर जातो. आम्ही एकमेकांशी आठवड्यातून जेमतेम चार वाक्यं बोलत असू.

७.००
पेपर येतात. संपादकीयाच्या पानावरून रोजची ओढाताण होते. भिंतीवर जुलै २०२५ चं कात्रण डकवलेलं आहे: आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, वय १९. बाटुमीला अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून तिने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. चालू घडामोडींसाठी पोरांनी ८८ हा आकडा पाठ केलाय. मला मात्र दुसरीच गोष्ट आठवते. स्पर्धेला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. कागद पुरे नव्हते, तरी पटावर बसली.

८.३०
चौकात तर्री पोहे. इथे सगळ्यांची तोंडं सुटतात. "काका, अभ्यास होऊनच नाही राहिला." हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय की तर्री नुसती पाहून सांगेन, कोण म्हणणार आहे ते.

आज एकाने मोबाईलवरचं ज्ञान काढलं: २१ दिवस करा, सवय लागते. त्याचे एकवीस झाले होते, सवय लागली नव्हती, म्हणून आपल्यातच खोट आहे असं त्याने ठरवून टाकलं होतं. ही २१ ची भानगड मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून निघाली. रुग्णाला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान तेवढे दिवस लागतात, असं त्याचं म्हणणं होतं. 'किमान' हा शब्द वाटेत कुठेतरी गळला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना जेवणासोबत फळ खाण्यासारख्या साध्या सवयी लावून पाहिल्या. मधला आकडा निघाला ६६ दिवस. कोणाला १८ पुरले, कोणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, असंही त्यांना दिसलं.

"म्हणजे माझे अजून पंचेचाळीस राहिले?" पोरगा म्हणाला. मी म्हटलं, पोहे खा बाप्पा.

११.४०
जिन्यात चपला वाजल्या आणि थांबल्या. गोंदियाकडची पोरगी. पूर्वपरीक्षेत थोडक्यात राहिली, निकालाच्या संध्याकाळी गावी गेली, ती नऊ दिवसांनी आज उगवली.

"काका, माझी जागा दिली का कोणाला?"

"तेरा नंबर ना? तो पंखा कुरकुर करते, कोण बसणार तिथं? बस."

तिने वही उघडली. तिच्या नावापुढे नऊ रकाने कोरे. त्यावरून बोट फिरवत म्हणाली, "आणि हे?"

"ते तसेच राहू दे. आजची सही कर, वेळ लिही."

तिने ११.४० लिहिलं. मग हळूच म्हणाली, "गावात सारे विचारतात, कधी होईल तुझं? मलेच माहीत नाही तर काय सांगू?" मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे नव्हतंच.

दुपारी २.३०
मे महिना. कूलरच्या ताट्यांवर पाणी मारतो. अर्ध्या माना टेबलावर पडलेल्या असतात, कोणाला उठवत नाही. हीच वेळ माझीही वाईट. जागा मोजक्या, बसणारे लाखांनी, आणि मी महिन्याची फी घेतो. आपण आशा विकतो का, हा प्रश्न मला नेमका अडीच वाजता पडतो. मीही एके काळी याच परीक्षा दिल्या. आयुष्यात सर्वांत नेटकं काही केलं असेल तर ती टाइमटेबलं, चार रंगांच्या पेनांनी आखलेली. त्यातलं एकही आठवडाभर टिकलं नाही. आत्मविश्वास आला की बसू, या बेताने तीन वर्षं गेली.

५.३०
उत्तरलेखन. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली: नऊ पेपर, १७५० गुण, वर मुलाखतीचे २७५. गोल काळे करण्यात तरबेज झालेल्या बोटांना आता पानं भरायची आहेत. म्हणून रोज एक प्रश्न, अर्धा तास. नियम एकच, पहिली ओळ खोडायची नाही.

आजचा प्रश्न पूर्व विदर्भातल्या मामा तलावांचा, म्हणजे माजी मालगुजारी. तेरा नंबरने पहिली ओळ लिहिली, 'भारत हा कृषिप्रधान देश आहे', आणि पेन आडवा धरला. मी लांबून मान हलवली. ओळ राहिली. दुसरी येईना. पाच मिनिटं नुसता पंखा कुरकुरत होता. मग ती लिहू लागली, आणि ते पुस्तकातलं नव्हतं. कोहळी समाजाने हे तलाव कसे बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मग गाळ कोणी काढायचा हेच ठरेना. शेवटी तिच्या घरामागच्या तलावाची पाळ. अक्षर तिरकं, शुद्धलेखनाच्या सात चुका, दीडशे शब्दांच्या जागी सव्वादोनशे. पहिली ओळ वगळली तर उत्तर चांगलं होतं. तसं मी समासात लिहिलं.

तिने वाचलं आणि विचारलं, "उद्याचा प्रश्न कोणता?"

रात्री ९.४५
सतरा नंबर शेवटी उठतो. पंखे बंद, कूलर बंद. वहीत आज ३४ सह्या. खाली रेघ मारून उद्याची तारीख घालून ठेवतो, सकाळी तेवढीच घाई कमी. तेरा नंबरच्या पंख्यात तेल घालायचं आजही राहून गेलं.